देवीचं निमित्त, दवाखान्याची वाट

पाटोद्याच्या स्टँडवर सकाळची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात आईनं भरून दिलेली पिशवी होती. तीत ओटीचं सामान, फडक्यात बांधलेल्या दशम्या (दुधात मळलेल्या भाकरी) आणि हळदीकुंकवाची बोटं लावलेली माझ्याच लग्नाची पत्रिका. आमच्याकडे पहिली पत्रिका कुलदेवीपुढं ठेवल्याशिवाय दुसरी कुणाच्या हातात देत नाहीत. आमची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी. त्यामुळं मी अंबाजोगाईला कशासाठी निघालो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि सगळ्या गल्लीला चुकीचं ठाऊक होतं.

मी निघालो होतो एचआयव्हीची तपासणी करायला.

ती जवळपासही होते, फुकट होते. पण पाटोद्यात माणूस स्टँडवर शिंकला तर तो घरी पोचेपर्यंत आईनं काढा उकळत ठेवलेला असतो. बीडला दोन मावश्या आणि एक चौकस मेहुणा. अंबाजोगाईत मात्र मोठं सरकारी रुग्णालय आहे, सगळ्या जिल्ह्यातून माणसं येतात आणि माझ्या ओळखीची तिथं फक्त देवी.

घडलं ते थोडक्यात सांगतो, लांबवून ते काही सुधारणार नाही. मी पुण्यात एका गोदामात कामाला आहे. तिथं पॅकिंगला असलेल्या एका बाईशी ओळख वाढली. ती नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मी खोलीवर एकटा. दिवाळीच्या आधी आम्ही एकत्र आलो आणि निरोध वापरला नाही. सुट्टीत गावी आलो तर घरच्यांनी मुलगी पाहून ठेवलेली. वैशाली तिचं नाव. मला ती आवडली, साखरपुडा झाला, तारीखही निघाली. मग एक दिवस अंगात कणकण आली, तोंड आलं आणि मी मोबाइलवर एचआयव्हीची लक्षणं वाचत बसलो. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता. मरणाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की लग्न होईल आणि माझ्यामुळं त्या पोरीला लागण होईल.

मांजरसुंब्याला गाडी बदलली. पुढची गाडी येईपर्यंत हॉटेलात गरम भजी घेतली, पण पहिला घास तोंडातच फिरत राहिला. तोंडातला फोड तिखटानं चुरचुरला, तसं पुन्हा सगळं वाचलेलं आठवलं. रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, म्हातारी, वर चढून बसलेली पोरं. बालाघाटाच्या डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. एरवी मला हा रस्ता आवडतो. त्या दिवशी मला काहीच आवडत नव्हतं.

नेकनूर आलं तसं मी खिडकीकडं पाठ केली. वैशालीचं गाव तिथून आत आहे. केजच्या पुढं डोळा लागला आणि कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा अंबाजोगाईच आलं होतं.

रुग्णालयाच्या फाटकाशी मी एकाला हळूच म्हणालो, "रक्त द्यायचंय." आमच्याकडं तपासणीला रक्त देणं आणि दान देणं, दोन्हीला हाच शब्द. त्यानं मला थेट रक्तपेढीत नेऊन उभं केलं. तिथल्या बाईंनी "शाबास, तरुण मुलांनी असंच पुढं यायला हवं," म्हणत खुर्ची पुढं केली. मी "जेवलो नाही अजून," असं पुटपुटत मागच्या मागे सटकलो. शेवटी एका आयाला खरं काय ते विचारलं, तर तिनं भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज तपासणीच्या खोलीकडं बोट दाखवलं.

खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा धनगर बसला होता, त्याच्या पलीकडं त्याची सून.

"कोन गाव?" त्यानं विचारलं.

"पाटोद्याकडं."

"आमी शिरूर कासारकडले. सुनंच्या गोळ्या न्यायला आलोत. एचआयव्हीच्या."

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की मी इकडंतिकडं पाहिलं. सून शांतपणे मोबाइल बघत होती.

"जरा हळू बोला की बाबा," मी म्हणालो.

"हळू बोलून बघितलं. लई महागात पडलं." त्यानं फेटा सारखा केला. "लेकाला सारखा ताप यायचा. डॉक्टर म्हनला, एचआयव्हीची बाधा झालीय. आमाला बाधा म्हंजी बाहेरचीच ठावं. मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडनारी मानसं आमी, म्हनलं कुठं तरी वंगाळ जागी पाय पडला आसंल. नेला देवरशाकडं (भूतबाधा उतरवणाऱ्याकडं). वरीसभर लिंबं उतरली, कोंबडी दिली. दवाखान्याची चिठ्ठी तशीच खुटीला."

"डॉक्टरला कावून (का म्हणून) विचारलं नाही?"

"लाज वाटली. त्येला वाटलं आमाला कळलं. आमाला वाटलं, जास्ती इचारलं तर अडानी म्हनंल. लेक गेला तवा कळलं."

सुनेनं मान वर न करता म्हटलं, "मला बी उतरवनार व्हते. म्या न्हाई म्हनले, पळून आले हितं. त्याला पाच वर्सं झाली."

म्हाताऱ्यानं एकदा सुनेकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिनं ऐकलं आसतं माझं, तर ती बी गेली आसती." तेवढ्यात मला आत बोलावलं.

आत समुपदेशन करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, कधी घडलं ते विचारलं, माझ्या तोंडाकडं बघून नाक मुरडलं नाही. रक्त घेतलं, बाहेर बसवलं. ते बसणं मी जन्मात विसरणार नाही. पिशवीतली दशमी काढली आणि नुसती हातात धरून राहिलो.

पुन्हा आत गेलो. "निगेटिव्ह आहे," ताई म्हणाल्या. "म्हणजे विषाणू सापडला नाही. काही जणांना उलटं वाटतं म्हणून सांगते."

मला रडू फुटलं. त्यांनी ते संपू दिलं आणि मग म्हणाल्या, "पण."

लागण झाली असली तरी ती तपासणीत दिसायला वेळ लागतो. माझे तेवढे दिवस अजून झाले नव्हते. तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा तपासायचं, तेव्हा खात्री. "पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर प्रतिबंधाच्या गोळ्या देता आल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आता घाबरू नका, वाट बघा. तोंड येणं कशानंही होतं. तोवर कुणाशीही संबंध आला तर निरोध वापरायचा."

"माझं लग्न पंधरवड्यावर आलंय."

"मुलीला सांगितलंय?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगा. तिच्याही जिवाचा प्रश्न आहे तो."

देवळात गेलो, घरी तोंड दाखवायचं होतं. ओटी भरली. पत्रिका काढली, तर पुजारी कौतुकानं म्हणाले, "देवीआईचं सवताचं लगीन ऱ्हायलं बघा. परळीच्या वैजनाथासंगं ठरलं व्हतं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं. पन लेकरांची लग्नं ती नीट लावती. ठेवा." पत्रिकेवरची तारीख सोनेरी अक्षरांत छापलेली. मला ती ठेववेना. प्रसाद घेतला आणि पत्रिका परत पिशवीत टाकली. पुजाऱ्यांना वाटलं असेल, पोरगं वेडं आहे.

परतीला मांजरसुंब्याला गाडीची वाट बघताना उन्हं कलली होती. हॉटेलच्या मागं जाऊन वैशालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पुण्याचं, तोंड आल्याचं, तीन महिन्यांचं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मला वाटलं, आता ती रडेल नाही तर शिव्या देईल. दोन्हीची तयारी होती.

"त्या बाईला सांगितलं का तुमी?" तिनं विचारलं.

"काय?"

"तपासायला. तुमाला भ्याव वाटलं म्हनून तुमी अंबाजोगाई गाठली. तिला कोन सांगनार?"

 साखरपुड्याच्या दिवशी मी त्या बाईचा नंबर पुसून टाकला होता. तेही सांगून टाकलं.

"नंबर पुसला म्हंजी घर पुसलं का?" वैशालीचा आवाज पहिल्यांदा कापला. "आधी तिला सांगून या. लग्नाचं मंग बगू. तवर ती तारीख धरू नका. माझ्या घरी काय सांगायचं ते मी बगते." तिनं फोन ठेवला. पाटोद्याची गाडी आली, तिनं उभ्यानंच आलो.

घरी आईनं प्रसाद कपाळाला लावला. "ठिवली का पत्रिका?"

"न्हाई. लगीन पुढं गेलंय. मला उद्या पुण्याला जायचंय."

आई पदराला हात पुसत माझ्या पुढ्यात बसली. "कावून?" तिनं विचारलं, आणि मी तिलाही सांगितलं. ती जेवली नाही, पण तिनं मला वाढलं.

आता हे सगळं लिहून काढलं आणि वाचून पाहिलं. यात वैशालीचं नाव आहे, देवीचं आहे, वाटेवरच्या गावांची आहेत. पुण्यातल्या तिला मात्र मी 'एक बाई' म्हणून मोकळा झालोय. स्वतःच्या जिवाला एवढा घोर लावून घेतला आणि तिच्या जिवाचा घोर एकदाही मनाला शिवला नाही, याची मला लाज वाटते. तिचं नाव सुनीता आहे. तिला एक मुलगी आहे.