पाहुण्याआधी जेवलेली बाई

महाराष्ट्र राज्य नवीनच होतं तेव्हाची गोष्ट. मी बुलढाण्याला कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरातून, आणि आमच्या आळीतूनही, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात त्या हिवाळ्यात अमेरिकेतला एक शेतकऱ्याचा मुलगा राहायला आला होता. दोन देशांतल्या तरुण शेतकऱ्यांनी एकमेकांच्या घरी राहून शेती पाहायची, अशी ती योजना होती. त्याचे शेवटचे काही आठवडे आमच्या गावाच्या वाट्याला आले आणि सरपंचांनी मला निरोप धाडला : "तुले इंग्रजी येते म्हंतात. त्याच्यासंगं राह्यजो."

माझं इंग्रजी पुस्तकातलं. बोलायची सवय नाही. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

सरपंचांनी घरं ठरवून दिली होती. प्रत्येक घरी चार-सहा दिवस. आमच्या घरी तो सुरुवातीलाच राहून गेला. मग मोठी घरं सुरू झाली आणि तिथून पुढे आम्ही दोघंही दमत गेलो. प्रत्येक घराला आम्ही नवे; आमच्यासाठी मात्र रोज तेच. रोज पुरण, रोज तळण. रोज ओट्यावर माणसं जमायची आणि तेच विचारायची : तुमच्याकडे बैल काऊन नाही, लग्न काऊन नाही केलं, आईले सोडून इतक्या लांब काऊन आला? मी तेच उत्तर पुन्हा देत असे. त्याला विचारायचंही मी सोडून दिलं होतं.

पाटलांच्या घरी एक दिवस त्याचं पोट बिघडलं आणि तो म्हणाला, आज मी जेवत नाही. पाटीलकाकूंनी पोळ्या झाकून ठेवल्या. दुपार कलली तेव्हा त्याने मला विचारलं, "घरातलं कुणीच कसं जेवलं नाही?" मी सांगितलं, आमच्याकडे पाहुणा उपाशी असला की घरचे जेवत नाहीत. त्याने आत पाहिलं. पाटलांची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. तो उठला आणि जेवला. त्या दिवसापासून त्याने कुठेच नकार दिला नाही. वाढलं तेवढं खायचा, मग मळ्याकडे जातो म्हणून जायचा आणि बांधाआड ओकायचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचो. परत आलं की त्या घरची बाई विचारायची, "अजून एक पोळी वाढू का?"

या सगळ्यात एक घर मागे पडत होतं. गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला भाजीचा मळा करणारं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, म्हातारी सासू, दोन मुली. यादीत त्यांचं घर होतं, पण पाटलांकडे दोन दिवस वाढले, मग सावकारांच्या घरी लग्नाचा कार्यक्रम निघाला, आणि दरवेळी मळेवाल्यांचंच घर पुढे सरकलं. ती बाई मेथीची पाटी डोक्यावर घेऊन गावात यायची तेव्हा मला रस्त्यात गाठायची.

"आमचा लंबर कवा हाये, भाऊ?"

"येईल, मावशी."

"येईन म्हनून म्हनून पाहुना जाईन विमानात बसून. मंग गाव म्हनन, सारी घरं झाली, मळेवाल्याच्या घरी मात्र गोरा टेकला नाई. आमचं घर घर नोहे का?"

शेवटच्या आठवड्यात ब्लॉक ऑफिसची जीप आली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तब्येत बरी नसेल तर आजच चला, बुलढाण्याला आराम करा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगतो, माझ्याही मनात आलं, चला. परीक्षा जवळ आली होती आणि मला कुणाशी एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. पण मी त्याला म्हणालो, एक घर राहिलं आहे. त्याने विचारलं, "तिथे खूप खावं लागेल का?" मी म्हणालो, बहुतेक. तो बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसला. मग त्याने साहेबांना सांगितलं, शेवटच्या दिवशी या.

मळ्यात पोहोचलो तेव्हा अंगण नुकतंच सारवलेलं होतं. चुलीवर पुरणाचा वास. बाईने पाय धुवायला पाणी दिलं, खाटेवर नवी वाकळ टाकली, म्हणाली, "बस म्हन त्याले घडीभर, पान वाढतेच." तो खाटेवर बसला, मग कलंडला, आणि झोपला. तोंड उघडं, एक पाय जमिनीवरच.

मी उठवायला पुढे झालो. तिने हाताने थांबवलं.

"राहू दे."

"मावशी, पानं वाढायची आहेत."

"पानं कुठं पळून जाते?"

मोटेवरून नवरा आला, हातपाय धुऊन दारात बसला. मुली चुलीपाशी बसल्या. ऊन अंगणातून सरकत गोठ्याकडे गेलं. सासू दोनदा म्हणाली, "उठव वं त्याले." तिसऱ्यांदा म्हणाली, "पोरी सुकून राह्यल्या, सूनबाई. का संध्याकाळलोक तोंड बांधून बसाचं हाये?"

तो जागा झाला तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते. त्याला लगेच कळलं. चेहरा असा झाला की मला पाहवेना. तो धडपडत उठला आणि मला म्हणाला, "सांग त्यांना, मी जेवतो. आत्ता जेवतो."

"काय म्हन्ते?" बाईने विचारलं.

"जेवतो म्हणतात."

"थे नाई इचारलं मी. भूक हाये का त्याले? खरं सांगजो."

इतक्या घरांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी त्याला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, नाही. मी तिला सांगितलं, नाही.

ती मग चुलीपाशी गेली, नवऱ्याचं ताट वाढलं, सासूचं वाढलं, मुलींचं वाढलं. स्वतःसाठी टोपल्यातली सकाळची भाकर घेतली, त्यावर ठेचा घेतला, आणि पाहुण्याच्या समोर, त्याला दिसेल अशी बसून तिने घास तोंडात घातला.

सासूच्या हातातला तांब्याच थांबला. "अवो बाई! पाहुना उपाशी अन् घरची लक्ष्मी जेवून राह्यली? गावात तोंड दाखवाले जागा ठेवशीन का नाई?"

"गावाले मी पाहून घेईन," ती घास चावत म्हणाली. "तुमी जेवा, आत्याबाई. पोरीनो, खा. भाऊ, तू बी बस. तोंड पाह्य कसं झालं तुयं."

नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे, आणि पोळी मोडली. मग मीही बसलो.

तो विचारत होता, काय चाललं आहे? मी वाक्य जुळवायचा प्रयत्न केला. शेवटी एवढंच म्हणालो, "त्या जेवल्या आहेत. आता तू झोपलास तरी चालेल." तो सगळ्यांची तोंडं हलताना बघत राहिला. मग आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मेथीच्या वाफ्यात पाणी धरलं आणि दुपारी आपणहून भाकर मागितली. तिने अर्धी दिली, वर ताकातल्या कण्या. "अजून" म्हणाली नाही. नंतर मला म्हणाली, "हात आपोआप टोपल्याकडे जाते रे. धरून ठेवला म्या." तिथले दिवस तो थोडं खात आणि पुष्कळ झोपत गेला. मीही झोपलो. बांधावर, कडब्याच्या गंजीला टेकून, जिथे बसेन तिथे.

पण गोष्ट गावात गेलीच. कशी गेली माहीत नाही, सासूनेच सांगितली असेल. जीप येण्याच्या दिवशी चावडीपुढे सगळी घरं जमली होती. कुणी लाडू आणले, कुणी शेंगांची पिशवी, कुणी लोणच्याची बरणी. मळेवाली बाई रिकाम्या हातांनी आली होती, आणि ते सगळ्यांना दिसलं.

पाटीलकाकू म्हणाल्या, "काय वो, पाहुना वाळला तुमच्या घरी. तुमी आंधी जेवल्या म्हंतात."

"हाव, जेवली."

"आमच्या घरी त एका बैठकीले पाच पोळ्या खाये."

"खात असन," ती म्हणाली. "तुमच्या हातची पोळी हायेच तशी."

दोन-तीन बायका हसल्या. कुणाला हसल्या कळलं नाही. मला वाटलं, आपण काहीतरी सांगावं : तो बांधाआड काय करायचा ते. पण पाटीलकाकूंचा चेहरा समोर होता. त्यांनीही पहाटेपासून चुलीपुढे बसूनच पोळ्या केल्या होत्या.

पाहुणा एकेका घरापुढे जाऊन हात जोडत होता. पिशव्या घेत होता, माझ्याकडे देत होता. तिच्यापुढे आला तेव्हा त्याने सवयीने हात पुढे केले. तिने आपले दोन्ही हात उघडून दाखवले. काही नाही. तो हसला. त्या आठवड्यांत त्याला मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं.

जीप गेली. धूळ बसेपर्यंत लोक उभे राहिले, मग पांगले. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, आमचं बी घर मोजलं जाईन नं त्यात? सरपंच काई म्हन्ले का?"

सरपंच काहीच म्हणाले नव्हते.

"जाईल, मावशी," मी म्हणालो.

"तू तिथं होता. कोनी इचारलं त तू सांगजो."

मी हो म्हणालो. मोटेची वेळ झाली होती, ती भरभर मळ्याकडे गेली. मला अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे लिहून ठेवलं.