गोळ्या का सोडल्या, हे विचारायचं राहून गेलं

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी बीपी दाखवायला धरमपेठेतल्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर एका म्हाताऱ्या गृहस्थांना रागावत होते, "गोळ्या मधेच सोडता, मग येता कशाला?" ते मान खाली घालून निघून गेले.

मला ऐंशीच्या दशकातली माझी एक रुग्ण, सुमनबाई आठवली. तेव्हा मी इथल्याच एका क्षयरोग रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून नवीन होते. आजारी माणूस औषध का घेतो, का सोडतो, हा माझा विषय. 'आरोग्य मानसशास्त्र' म्हटलं की वॉर्डात सगळे हसायचे.

सुमनबाई उमरेडच्या विणकर घरातली. तिनं दुसऱ्यांदा गोळ्या सोडल्या होत्या. केसपेपरवर शेरा होता, 'निष्काळजी'.

मी खाटेवर बसून विचारलं, "काहून सोडल्या वं बाई?"

ती पुटपुटली, "गोळी घेतली का लघवी लाल होते. मले वाटलं, रक्त जाऊन राहिलं. डाक्टरले कसं सांगू? शरम वाटते."

तो औषधाचा रंग होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकून ती खूप रडली. मग तिनं सगळ्या गोळ्या पूर्ण केल्या, बरी झाली. एक फुफ्फुस मात्र तोवर निकामी झालं होतं.

आज त्या गृहस्थांच्या मागे जाऊन मी विचारू शकले असते. पण गुडघे दुखत होते, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी तेच ऐकून थकवा आला होता. मी बसून राहिले.

तुम्ही कधी औषध मधेच सोडलंय? का, ते इथे लिहाल? निदान तुमचं तरी ऐकेन.