ग्रुपवर आज सकाळी शांतता

मंडळी, आज आपल्या शास्त्रीय संगीताच्या ग्रुपवर सकाळचा राग आला नाही. तो रोज वासुदेवकाका पाठवतात आणि त्यांच्या आधी आपण कोणीच काही टाकत नाही. नऊ वाजले तरी ते फोन उचलेनात, म्हणून रामाचं नाव घेत हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो.

दार काकूंनी उघडलं. "सकाळपासून यांले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

काका मोबाईल धरून बसले होते. मी ग्रुप उघडून दाखवला, तर मोठ्यानं म्हणाले, "न ऐकता कसा पाठवू गा?"

त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. औषध सुरू झालंय, पण ऐकू परत येईल की नाही, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.

उद्या सकाळी आपल्यापैकी कोणी राग पाठवायचा, की काकांची वाट बघायची?