शटरमागचा बिबट्या

वामनदादा गेल्याचं मला पडघ्याच्या नाक्यावरच्या बॅनरवरून कळलं. दादांचा फोटो कोपऱ्यात आणि वर हात जोडलेल्या एका पुढाऱ्याचा चेहरा, त्याच्या चौपट. किळस आली. महिना उलटला तरी ती जात नाही.

दादा पडघ्याजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. पुढे एका मोठ्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले, तरी वाघाचं मांस रोज सकाळी स्वतः हुंगून पाहत. वास आला तर ठेकेदाराची गाडी फाटकातूनच परत. दर रविवारी ते रेडिओवर प्राण्यांविषयी बोलत आणि ते ध्वनिमुद्रण मी करी. 'हिंस्र' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. म्हणत, तो भुकेला असतो, नाहीतर भ्यालेला.

निवृत्तीनंतर ते भिवंडीत राहायला आले, कार्यक्रम मात्र चालूच होता. एका दुपारी दापोड्याच्या गोदामात बिबट्या शिरल्याचं कळलं. मी त्यांच्याकडेच होतो, दोघेही धावलो. दादांनी शटर खाली ओढलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन निघाली होती. "तासभर दम धरा," ते जमावाला सांगत होते. "तो भ्याला हाय. बाहेर न्हाय यायचा." तेवढ्यात बॅनरवरचा तो पुढारी आला. त्याच्या माणसांनी दादांना बाजूला ढकललं, शटर उघडलं आणि ती सळ्या घेऊन आत घुसली... नंतर पुढाऱ्याने मेलेल्या जनावराच्या मानेवर पाय ठेवून फोटो काढून घेतला. लोक मिशा उपटत होते, नखं काढत होते. दादा त्या रक्तात बसले, त्याचे पंजे मांडीवर घेतले आणि वनखात्याची गाडी येईपर्यंत उठले नाहीत.

रविवारच्या कार्यक्रमासाठी त्यांनी पुढाऱ्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं. रेडिओ केंद्राच्या साहेबांनी मला तेवढा भाग कापायला लावला. मी कापला. प्रसारण ऐकून दादांचा फोन आला. "आवाज माझा ठेवलास, गोष्ट काढून घेतलीस." पुन्हा ते स्टुडिओत आले नाहीत.

शोकसभेत तोच पुढारी दादांना 'मुक्या जिवांचा कैवारी' म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो समोर आला तेव्हा मी नमस्कार केला... स्वतःचीच शिसारी आली.

तिथून दादांच्या घरी गेलो. त्यांच्या खोलीच्या खिडकीत वहिनी साळुंक्यांसाठी बिनमिठाचा भात ठेवत होत्या. दादा रोज ठेवायचे तसा. सभेत काय बोललात, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, असं सांगितलं. त्यांनी खिडकीतला भात बोटांनी मोकळा केला.

"मंग लिवा तरी."

म्हणून हे लिहिलं. आता वाचून पाहतोय. यातही त्याचं नाव नाही.