केबल गेली आणि बाया यायच्या बंद झाल्या

आमच्या गल्लीत टीव्ही नाही असं घर नाही. तरी संध्याकाळी सात वाजले की सगळ्या बाया आमच्या घरी यायच्या, त्याचं कारण माझी बायको. तिला एकटीनं मालिका बघताच यायची नाही. सासूनं काही डाव केला की शेजारून कुणीतरी "बघ की भवानी कशी हाय" म्हणायला पाहिजे, तरच तिला गोडी. म्हणून तिनं एकेकीला हाका मारून मारून सवयच लावली. येताना कुणी पावटा सोलायला आणायची, कुणी फोडायला शेंगा. सकाळी मी केर काढायला लागलो की घमेलंभर टरफलं निघायची आणि मी ओरडायचो. ती म्हणायची, "वरडा. गिरणीत वरडून जल्म गेला, घरात कशाला ठिवताय."

तेही खरंच. सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठच्या ह्या गावात मी उभा जन्म पिठाची गिरण चालवली. शाळा चौथीपर्यंत. गिरणीच्या आवाजानं कान अर्धे गेले आणि बोलणं मोठं झालं. लोक मला फटकळ म्हणतात. असेन. गिरणीत हळू आणि गोड बोलून चालत नाही, कुणाला ऐकूच जात नाही.

बाया आल्या की मी बाहेर कट्ट्यावर बसायचो. बायकांत बसून पुरुषानं काय करायचं? आतला गलका कानावर पडायचा, तेवढ्यावर माझं भागायचं. मालिकेतली पात्रं कोण, कुणाची कोण, मला काही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता ही गेली. दिवस झाले, पाव्हणे गेले. मला वाटलं, आता सात वाजता आमच्या घरात काही नाही. बत्ती न लावता बसलो होतो. तेवढ्यात समोरच्या घरातली वहिनी, म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, सुपात लसूण घेऊन आली. बत्ती लावली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "लावा टीव्ही." मग बाकीच्या आल्या. मी नेहमीसारखा बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. ह्यावर मी जास्त लिहीत नाही.

माझी एकुलती लेक साताऱ्याला दिली आहे. नोकरी करते, हिशोबाला कडक, आईसारखी. थंडीत आली ती महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा खोका आणि एक डबी घेऊन. माझं केबलचं बिल बघून तिनं कपाळाला हात लावला.

"तात्या, एकट्या माणसाला एवढी चॅनलं? त्यातली निम्मी तेलुगू, कानडी. कोण बघतं ती?"

मी म्हटलं, कुस्ती लागते कधी कधी. ती म्हणाली, कुस्ती नेटवर पण लागते, आणि नेट घेतलं की मला तुमच्याशी तोंड बघून बोलता येईल, आणि दोन्ही मिळून पैसे वाचतील. डबीतनं तिनं पेनाएवढी काडी काढली आणि टीव्हीच्या मागं खोचली. नेटचा वायरवाला येऊन भिंतीला भोक पाडून गेला. सातच्या मालिकेची वर्षाची वर्गणी पण तिनंच भरली. बटणं चार, मला दोनदा शिकवली आणि परीक्षा घेतली.

सात वाजताचं मी तिला काही बोललो नाही. काय सांगणार? म्हातारा, बायको गेल्यावर गल्लीतल्या बायांची वाट बघत बसतो, असं? लेकीला हे सांगता येत नाही. आणि मला वाटलं, मालिका तीच लागणार आहे, केबलातनं आली काय आणि काडीतनं आली काय.

केबलवाला डबा न्यायला आला. जाता जाता म्हणाला, "तात्या, धा दिसांत मला परत बलावताय बघा." मी म्हटलं, तू डबा उचल आणि नीघ.

लेक दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेली. संध्याकाळी मी सतरंजी अंथरली, दार सताड उघडं ठेवलं, चार बटणं नीट दाबली. मालिका सुरू झाली. आली कोण? कुणीच नाही. मला वाटलं, आज कुठं हळदीकुंकू असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी टीव्ही बंद करून कट्ट्यावर बसलो, तर चारी बाजूंच्या घरांतनं तीच मालिका ऐकू यायला लागली. प्रत्येक घरात एक एक बाई, आपापल्या टीव्हीपुढं.

तेव्हा मनात आलं ते सांगतो. ह्या बाया हिच्यासाठी येत होत्या. ती गेल्यावर म्हाताऱ्याकडं बघून काही महिने आल्या, आता बघून झालं. कुणाची चूक नाही. पण चूक नसलेल्या गोष्टीचा रागही कुणावर काढता येत नाही. भात केलेला कुत्र्याला घातला. कुत्रं खूश.

दोन-तीन दिवस असेच काढले. मग एका सकाळी वहिनी डेअरीतनं रिकामी किटली घेऊन येताना गाठली. मला आडवळणानं बोलता येत नाही.

म्हटलं, "वहिनी, बहिष्कार घातलाय का माझ्यावर?"

ती म्हणाली, कामं असतात. मी म्हटलं, सगळ्या गल्लीला एकाच वक्ताला कामं? मग म्हणाली, गुडघा दुखतोय. माझ्या दारात यायला तिला नुसता रस्ता ओलांडावा लागतो, डेअरी आहे गावाच्या त्या टोकाला. मी तिच्या किटलीकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"आवं भावजी," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या लेकीनं पैसं भरून नेट घिऊन दिलंय. आमी इतक्या जणी ईऊन बसलो तर चार दिसांत सरंल की ते. मग तुमी वरीसभर काय बघायचं?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तिची नातवंडं तिघं मिळून एका मोबाईलवर बघत बसतात आणि दुपारपर्यंत त्याचं नेट संपतं. रोज तिचा लेक पोरांवर ओरडतो. एकटं पोर असलं की रात्रीपर्यंत पुरतं. म्हणजे बघणारी डोकी वाढली की नेट लवकर संपतं, हा तिचा हिशोब. मी घरात टीव्ही लावायचो तेव्हा ह्या बाया माझ्या नेटाची काळजी करत आपापल्या घरी बसल्या होत्या. एवढंच नाही, पाण्याच्या पाळीसारखी पाळी लावायचं पण ठरत होतं, रोज दोघी दोघींनी यायचं. फक्त पहिली पाळी कुणाची ह्यावर भांडण लागलं आणि ते मिटेना.

मी हसलो. रस्त्यात किती मोठ्यानं हसलो ते मला कळलं नाही, पण दोन घरांची दारं उघडली.

म्हटलं, "बत्तीखाली एक बसला काय आन धा बसले काय, बिल कमीजास्त येतंय का?"

"बत्ती येगळी, नेट येगळं. तुमाला गिरणीतलं कळतंय, ह्यातलं न्हाई."

मग मी तिथंच लेकीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि वहिनीच्या हातात दिला. लेक ऐकून खळखळून हसली. म्हणाली, काकी, मोबाईलचं संपतं, हे वायरचं संपत नाही, अख्खं गाव बसवा. मग एकदम विचारलं,

"म्हणजे आई गेल्यावर पण तुम्ही रोज येत होता?"

वहिनी म्हणाली, "न्हाईतर कुठं जाणार?"

"तात्या, हे मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?" मी म्हटलं.

लेक नाक ओढून म्हणाली, आणि काकी, त्यात मालिकेचे मागचे सगळे भाग पण आहेत, वाटेल तेव्हा लावा. हे ऐकून वहिनीचा चेहरा बदलला. तिनं किटली खाली ठेवली.

गोष्ट अशी की, आमच्याकडं गल्लीत कुणी गेलं की दिवस होईपर्यंत कुणाच्याच घरी टीव्ही लागत नाही. तशी ही गेली तेव्हा गल्लीतले सगळे टीव्ही बंद. आणि नेमक्या त्याच दिवसांत मालिकेतली नदीत वाहून गेलेली सून जिवंत परत आली. कशी आली, कुणाला माहीत नाही. पाटणच्या माहेरी फोन करून एकीनं विचारलं होतं, पण भावजयीनं भलतंच काहीतरी सांगितलं. तेव्हापासून बाया नुसत्या अंदाज बांधत होत्या. हिच्यासाठी बायांनी सोडलेलं होतं ते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी सात वाजायच्या आतच घर भरलं. पावटा, शेंगा, एकीचं रडकं नातवंड, सगळं आलं. मी नेहमीसारखा कट्ट्याकडं निघालो तर वहिनीनं अडवलं. रिमोटला हात लावायची कुणाची छाती नव्हती. "तुमीच दाबा बटणं," म्हणाली, "आमच्या हातनं काय मोडलं म्हंजे?" म्हणून बायकांत बसायची वेळ आली.

पहिला भाग लावला तो ही गेली त्या संध्याकाळचा. कुणी ठरवून सांगितलं नव्हतं, तिथूनच तर राहिलं होतं.

नेटवर जाहिराती नाहीत. सुरुवातीला बायांना बरं वाटलं, मग लक्षात आलं की जाहिरात नाही तर बोलायचं कधी? चुलीवरचं दूध बघायचं कधी? एकीनं कळवळून विचारलं, जरा थांबवता येत नाही का हिला. मी बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं, सासूचं तोंड उघडं ते उघडंच. बाया इतक्या हसल्या की नातवंड रडायचं थांबलं.

मग काय, दर दोन मिनिटांनी "थांबवा." ही सून आधी कुणाची? थांबवा. मीच एकदा विचारलं, ह्यो जावई का दीर, तर चौघी एकदम म्हणाल्या, "गप बसा की तात्या, पुढं कळंल." नदीतनं सून बाहेर येत होती, पदर निथळत, एक पाय पायरीवर. तेवढ्यात वहिनीची म्हैस हंबरली. "आलेच, पुढं न्हेऊ नका," म्हणून ती पळाली, गुडघा विसरून. सून तशीच पाय उचलून उभी. खाली बायांचं भांडण सुरू, ही पोहून आली का हिला कुणी काढलं. टरफलं माझ्या पायाशी येऊन पडत होती. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. मला कसली घाई.