नवसूकाकाची नजर

नवसूकाका बसून चहा प्यायलेला मी बावीस वर्षांत पाहिला नाही. कप हातात घेऊन तो माझ्या मसोलीच्या वर्कशॉपातल्या लेथभोवती फेऱ्या मारायचा, मध्येच एखादा नट उचलून बघायचा आणि कप अर्धाच ठेवून निघायचा. "बसलो की गंज चढतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. गाव वेवजी, गॅरेज तलासरीला हायवेलगत, आणि जीव कुठल्या तरी भंगारवाल्याकडे. पायाला भिंगरी म्हणजे काय, ते मला या माणसामुळे कळलं.

काम त्याचं जगावेगळं. कुणाच्या आजोबांची गोल बोनेटची गाडी वाडीत पडून असायची आणि नातवाला तिच्यात दमदार इंजिन घालून ती पळवायची असायची. इंजिन कुणीही बसवेल. पण त्याचा जोर सोसणारा मागचा एक्सल शोधायचा आणि पुढची चाकं रेषेत आणायची, तर नवसूकाकाच. एक्सलसाठी तो भिलाड-वापीपर्यंतची भंगाराची आवारं पालथी घालायचा. टेप कधी नेली नाही. हातात बांबूची एक कामटी, तिच्यावर त्या गाडीच्या मापाच्या खाचा. एक्सलमधलं जुनं तेल बोटांवर चोळून उन्हात धरायचा आणि त्यात लोखंडाची चकाकी दिसली की पुढे चालू लागायचा. "म्हातारा झाला हा. आतल्या गिअरचे दात झिजले." एकदा एक भंगारवाला म्हणाला, "काका, म्हातारा तर तू पण झालास." काका चालता चालताच बोलला, "पण माझ्या तेलात चकाकी नाय ना?"

चाकं रेषेत आणायला त्याच्याकडे डहाणूच्या बंदरावरून आणलेला तंगूस असे, मासेमारीची नायलॉनची दोरी. ती मागच्या चाकाला टेकवून पुढे ताणायची आणि एक डोळा मिटून बघायचं. पुढच्या चाकाशी फट किती राहिली ते त्याला केसाइतकं दिसायचं. या नजरेचा त्याला गर्व होता, आणि तो त्याला शोभायचा.

गेल्या वर्षी आशागडच्या एका चिकूवाडीवाल्या शेठची गाडी आली. काकाने तिच्यासाठी शोधलेला एक्सल मजबूत होता, पण गाडीला चार बोटं जास्त रुंद. त्याची नळी कापून पुन्हा जोडायचं काम माझं. वेल्डिंग केलं की नळी आपोआप निवू द्यायची, नाहीतर ती वाकते, आणि मग लेथवर फिरवून सरळ आहे का ते तपासायचं, हा साधा नियम. पण काका डोक्यावर उभा. "झालं काय? अरे दिनू, अंडं उबवतोस काय?" मी वैतागलो. जोडावर पाणी मारलं आणि न तपासताच एक्सल त्याच्या टेम्पोत चढवला.

गाडी रस्त्यावर डावीकडे ओढू लागली. काकाने दोरी लावली, चाकं रेषेत आणली, उधव्याच्या रस्त्यावर फेरी मारली, गाडी पुन्हा डावीकडे. असं आठ दिवस चाललं. शेवटी त्याने मला गॅरेजवर बोलावून घेतलं.

"दिनू, माझी नजर गेली," तो म्हणाला. "मला सरळ दिसतं ते सरळ नसतं."

मला जोडावर मारलेलं पाणी आठवलं. तो जेवायला गेला तेव्हा मी मागच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं. पुढच्या बाजूने एक आलं, मागच्या बाजूने दुसरं. माझी नळी वाकली होती. मागचं चाकच तिरकं, तर त्याला टेकवलेली दोरी सरळ कशी जाणार? काका जेवून आला आणि मी गप्प बसलो. भीती वाटली, लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. असे उद्या करता करता महिना गेला. तोवर काकाने शेठची माफी मागितली, गॅरेजला कुलूप लावलं आणि वेवजीला भात झोडायला निघून गेला.

शेवटी मी वेवजीला गेलो. खळ्यावर त्याला गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, "काका, चूक माझी. नळी वाकलीय."

त्याने झोडणं थांबवलं. "म्हणजे माझी नजर बराबर आहे?"

"एकदम बराबर."

तो हसला. डोळे पुसले, पुन्हा हसला. मला वाटलं, सुटलो.

"तुला कधी कळलं?"

मी खरं ते सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"लोखंड वाकतं, दिनू. घाई मीच केली. पण महिनाभर माझी नजर तू खिशात घेऊन फिरलास?"



दुसऱ्या दिवशी काकाने गॅरेज उघडलं, नळी सरळ करून घेतली. शेठची गाडी आता सरळ धावते. काका भेटला की हाक मारतो, पोरांची चौकशी करतो. एक्सल मात्र वापीच्या लेथवर नेतो. मागच्या महिन्यात न राहवून मी म्हटलं, "काका, एखादं काम आण की इकडे."

"बघू," तो म्हणाला आणि निघाला. एरवी तो सरळ हो नाहीतर नाय म्हणायचा; इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.