मधला रिकामा चिमटा

देवराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या एसटी स्टँडवर पोशेऱ्याकडच्या गाडीची वाट पाहत होतो. त्याच्याकडेच निघालो होतो. पिशवीत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केलेल्या जुन्या लग्नपत्रिका होत्या. गाडी आली, मी चढलो... पिशवी मांडीवर तशीच धरून.

आम्ही दोघेही प्राथमिक शिक्षक. मी जव्हारला, तो पोशेऱ्याला. वाचलेलं सगळं मी वहीत उतरवतो, खाली रेघा मारतो आणि वही मिटली की विसरतो. देवरामची रीत वेगळी होती. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीचा तुकडा कापून त्यावर तो एकच गोष्ट लिहायचा, तीही स्वतःच्या शब्दांत, आणि खोलीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने अडकवायचा. मग येता-जाता तुकड्यांच्या जागा बदलत राहायचा. पावसाळ्यात त्याच दोरीवर कपडेही असत. सुमनवहिनी म्हणायच्या, "भावजी, सांगा ना तुमच्या मित्राला. माझी साडी ओलीच नि यांचे विचार वाळतात!" तो हसायचा. "तुझी साडी उद्या वाळेल. मला हे उद्या आठवायचं नाय." मी एकदा त्याला टिपणं फोनमध्ये ठेवायला सांगितलं. "फोनात शोधलेलं सापडतं," तो म्हणाला, "इथं न शोधलेलं डोक्याला लागतं." आणि वाकायला विसरून दोरीखालून गेला.

शेवटी शेवटी दोरीवर एकच प्रश्न उरला होता. डाव्या टोकाला लिहिलेलं होतं, 'पहिलीतली पोरं सारखी विचारतात.' उजव्या टोकाला, 'चौथीतली फक्त उत्तरं देतात.' मधे त्यांचं काय होतं, ते त्याला शोधायचं होतं. घरची बोली सुटते, हे कारण त्याने लावून पाहिलं, परीक्षेचं पाहिलं, घरच्या कामाचं पाहिलं. प्रत्येक तुकडा काही दिवसांनी काढून टाके. "खरं आहे, पण पुरत नाय." मधला चिमटा पुन्हा रिकामा.

मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, डाव्या हाताने अक्षर जुळेना. मी भेटायला गेलो की तो डाव्या हाताने त्या रिकाम्या चिमट्याकडे बोट दाखवी. त्याला काहीतरी सापडलं होतं, डोळ्यांवरून कळत होतं. मी पत्रिकेच्या तुकड्यांवर एकेक शब्द लिहून त्याच्यासमोर धरायचो. भीती? मान हलायची, नाही. लाज? नाही. शेवटच्या भेटीत मी लिहिलं, 'आपण मास्तर?' तो जरा थांबला... मग तेही नाही. माझ्याजवळचे तुकडे संपले. पुढच्या वेळी भरपूर आणतो म्हटलं, तर त्याने डोळे मिटून घेतले.

परवा पोशेऱ्याला जाऊन आलो. दोरी तशीच आहे, दोन टोकांचे दोन तुकडे, मधला चिमटा. वहिनींची ओली साडी खुर्चीच्या पाठीवर पसरलेली होती.

"दोरी साडीसाठी घ्या की आता," मी म्हटलं.

"कशी घेऊ? तुम्ही आधी तेवढं लिहा, भावजी. इतकं वाचता तुम्ही, तुम्हाला आलं पाहिजे."

मी पिशवीतून एक पत्रिका काढली, उलटी केली, पेनचं टोपण उघडलं. खुर्चीखाली पाणी ठिबकत होतं. वहिनी माझ्या हाताकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग उठून त्यांनी खुर्चीवरची साडी उलटी केली... दुसरी बाजू वाळावी म्हणून.